गौरी आल्या त्याच दिवशी फी वाढली

(मंडळाच्या तिळगूळ समारंभात, जानेवारी २०२६ मध्ये, ‘शनिवारचे टेबल’ या कागदपत्र मार्गदर्शन उपक्रमातर्फे झालेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके केले आहे.)



तिळगूळ घ्यायला आलेल्या मंडळींना नोंदणी फीवर भाषण ऐकवायचं म्हणजे जरा अन्यायच आहे. पण कार्यकारिणीनेच विषय दिला आहे, आणि वीस मिनिटांत संपवा असंही बजावलं आहे. तेव्हा सुरुवात करतो.

आम्ही म्हणजे कोण, ते बहुतेकांना माहीत आहे. दर शनिवारी चार ते सहा आपल्या वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलाशी आम्ही तिघे निवृत्त लोक बसतो. एकाने बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासण्यात नोकरी घालवली, एकाने जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर, आणि तिसरे शाळेत गणित शिकवायचे; त्यांना मोडी वाचता येते म्हणून आम्ही त्यांना ओढून आणलं. आम्ही वकील नाही, बाँड रायटरही नाही. दस्त लिहून देत नाही, पैसे घेत नाही. कागद वाचून दाखवतो, कुठे जायचं ते सांगतो, आणि वकिलाकडे जायची वेळ आली असेल तर जा म्हणतो. बोलायला एक जण उभा असला तरी बोलणं तिघांचं आहे, म्हणून ‘आम्ही’.

गेल्या वर्षी ३१ ऑगस्टला, रविवारी, आपल्या घरोघरी गौरी आल्या. त्याच दिवसापासून कर्नाटकात दस्त नोंदणीची फी एक टक्क्यावरून दोन टक्के झाली. गौरींच्या जेवणाच्या गडबडीत ही बातमी आपल्यापैकी किती जणांनी वाचली, कोण जाणे. आम्हीही दोन दिवसांनी वाचली.

एक टक्का ऐकायला लहान वाटतो, म्हणून हिशेब मांडू. गणिताचे मास्तर आमच्यात आहेत, त्यांनीच मांडून दिला आहे. पन्नास लाखांचं घर घेतलं, तर पाच टक्के मुद्रांक शुल्क अडीच लाख. त्या शुल्कावर सेस आणि अधिभार मिळून शहरात आणखी तीस हजार. आणि नोंदणी फी पूर्वी पन्नास हजार होती, ती आता एक लाख. म्हणजे तीन लाख तीस हजारांत जे होत होतं त्याला तीन लाख ऐंशी हजार लागतात. घर तेच, दस्ताची पानं तितकीच, साक्षीदारही दोनच.

सरकारची बाजूही ऐकून घ्यायला हवी. शेजारच्या राज्यांच्या मानाने आपल्याकडचा एकूण खर्च कमी होता, असं सरकारचं म्हणणं, आणि ते काही खोटं नाही. तमिळनाडूत सात टक्के मुद्रांक आणि वर दोन टक्के नोंदणी फी आहे. पण आपण राहतो सीमेवर. आपला एक भाऊ इथे, एक कोल्हापुरात, बहीण वडोदऱ्याला. तुलना आपण नातेवाइकांशीच करणार. कोल्हापूरच्या भावाला नोंदणी फी एक टक्का पडते, पण कितीही मोठी मिळकत असली तरी तीस हजारांच्या वर जात नाही. वडोदऱ्याच्या बहिणीने स्वतःच्या नावावर घर घेतलं तर तिला नोंदणी फी माफ आहे. हे दोन शब्द लक्षात ठेवा: कमाल मर्यादा आणि माफी. पुढे त्यांचं काम आहे.

आता ‘फी’ या शब्दाकडे येऊ. कर आणि फी यांत फरक काय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात सांगितलं. शिरूर मठ म्हणजे आपल्याच राज्यातला, उडुपीच्या अष्टमठांपैकी एक. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की, कर हा सगळ्यांच्या कामासाठी सक्तीने घेतलेला पैसा, त्याच्या बदल्यात काय मिळालं हे विचारायचं नसतं. आणि फी म्हणजे एखाद्या माणसाला दिलेल्या विशिष्ट सेवेचा मोबदला. पुढच्या निकालांत ही रेघ बरीच पुसट झाली. सेवेचा खर्च आणि फी रुपयाला रुपया जुळली पाहिजे असं आता कुणी मानत नाही. तरीही साधा प्रश्न उरतोच. वीस लाखांचा दस्त नोंदवायला आणि दोन कोटींचा नोंदवायला कारकुनाला सारखाच वेळ लागतो. अंगठा तोच, फोटो तोच, शिक्का तोच. मग एकाला चाळीस हजार आणि दुसऱ्याला चार लाख का? मोठ्याने जास्त द्यावं, याला आमची हरकत नाही. पण तो मग कर झाला, आणि तो कर मुद्रांक शुल्काच्या रूपाने आपण आधीच भरलेला असतो.

हे झालं खरेदी-विक्रीचं. घर घेणारा माणूस कर्ज काढतो, कुरकुरत का होईना फी भरतो आणि मोकळा होतो. खरं सांगायचं तर आमच्या टेबलाशी तो येतच नाही. येतात ते लहान कागदवाले. वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र, जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, जुन्या दस्ताची नक्कल. आमचं आजचं बोलणं मुख्यतः यांच्याबद्दल आहे. कारण दोन टक्क्यांच्या आवाजात या छोट्या फिया कधी वाढल्या ते कळलंच नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीपासून कर्नाटकात मुद्रांकाचे नवे दर लागले. प्रतिज्ञापत्राचा, म्हणजे आपल्या भाषेत अफिडेव्हिटचा, वीस रुपयांचा बाँड शंभराचा झाला. शहरातल्या बिनशेती मिळकतीच्या वाटणीपत्राला दर हिश्शामागे एक हजार लागायचे, ते पाच हजार झाले. २०२५ च्या सुरुवातीला जन्म-मृत्यूच्या दाखल्याच्या प्रतीला पाचाचे पन्नास झाले. पन्नास रुपयांनी कुणी भिकेला लागत नाही, असं आम्हाला एका सद्‌गृहस्थांनी सुनावलं. बरोबर आहे. पण वारसा लावायचा तर एक प्रत पुरत नाही. बँकेला एक, विम्याला एक, पेन्शनला एक, सिटी सर्व्हेला एक, गॅसवाल्याला एक. आणि नावात चूक असली, जी असतेच, तर प्रत्येक ठिकाणी शंभराच्या बाँडवर ‘हे आणि ते नाव एकाच व्यक्तीचं’ असं लिहून द्यायचं. घरातला माणूस गेलेल्या बाईने हे सगळं पहिल्या महिन्यात करायचं असतं.

आता एका आत्यांची गोष्ट सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही. पुष्कळ जण ओळखतील, त्यांनी गप्प बसावं.

शहापुरातलं जुनं घर. वडील वारल्यावर १९९८ साली तीन भाऊ आणि ही विधवा बहीण, चौघांनी बसून वाटणी केली. मागच्या बाजूची खोली आणि तिच्यापुढचा नळाचा चौक बहिणीला, मालकी हक्काने. त्या काळात भावांनी हे आपण होऊन दिलं, हे मुद्दाम सांगायला हवं. बाँडवर लिहिलं, चौघांनी सह्या केल्या, पंच म्हणून गल्लीतले दोन मोठे लोक बसले. नोंदवायला मात्र कुणी गेलं नाही. बाँड रायटरचे पैसे, फी, वर एक दिवसाचा खाडा. थोरले म्हणाले, पुढच्या वर्षी करू. त्या कागदाला प्लास्टिकचं पाकीट मिळालं आणि तो देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये गेला.

नोंदणीच्या कायद्यात, म्हणजे १९०८ च्या कायद्यात, कलम २३ म्हणतं की दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला हजर करा. कलम २५ आणखी चार महिने देतं, पण दंडासह, आणि तो दंड नोंदणी फीच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकतो. जाता जाता हेही लक्षात घ्या: फी दुप्पट झाली की दंडाची कमाल रक्कम आपोआप दुप्पट होते. त्यासाठी वेगळी अधिसूचना लागत नाही. त्या आठ महिन्यांनंतर काय? काही नाही. तो कागद मग घरातल्या घरात वाचायला चांगला. कलम ४९ प्रमाणे, जो दस्त नोंदवणं सक्तीचं होतं आणि नोंदवला नाही, त्याने मिळकतीवर कुणाचा हक्क बसत नाही.

दीड वर्षापूर्वी घर दुरुस्तीसाठी बँकेचं कर्ज काढायचं ठरलं. बँकेच्या वकिलाने कागद पाहिले आणि विचारलं, या मागच्या खोलीत कोण राहतात? भाचे म्हणाले, आत्या. त्यांचीच खोली. वकील म्हणाले, त्यांचं नाव तर कुठेच नाही.

इथे भांडण नाही, हे पुन्हा सांगतो. भाचे चांगले आहेत. एकाने तर आमच्यासमोर म्हटलं, आत्याची खोली आत्याचीच, लिहून द्यायला आम्ही तयार आहोत. पण लिहून द्यायचं म्हणजे आता नवं वाटणीपत्र. चार हिश्शांचे चार हजार होते ते वीस हजार. मधले भाऊ २०११ साली गेले, म्हणजे त्यांच्या जागी पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. एक मुलगा पुण्याला, एक मस्कतला, मुलगी हुबळीला. मस्कतच्या मुलाचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन यायला हवं. मधले भाऊ गोव्यात वारले होते. तिथल्या मृत्यूच्या दाखल्यात आडनावाचं एक अक्षर चुकलं आहे, तेव्हा दुरुस्ती तिथे जाऊन, नाहीतर अफिडेव्हिट. प्रत्येक पायरीला एक छोटी फी, आणि प्रत्येक छोट्या फीसाठी एक मोठी खेप.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या आम्हाला म्हणाल्या, “खोली माझीच आहे असं सगळेच म्हणतात की. मग माझ्याच खोलीसाठी मी पुन्हा पैसे का भरायचे?” आम्ही त्यांना कलम ४९ समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते कळलं. पण उत्तर नाही ते.”

आम्हालाही पटलं की ते उत्तर नाही. फी वाचवायला थांबलेला माणूस त्या वर्षापुरता वाचतो, आणि पंचवीस वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर ते येतं. बहुतेक वेळा ती घरातली बाई असते, कारण पुरुषांची नावं वडिलांच्या मागे उताऱ्यावर चढवली जातात आणि बहिणीचं, भावजयीचं नाव तोंडी असतं. तोंडी वाटणीबद्दल न्यायालय आता काय म्हणतं, तेही ऐका. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हक्क, हे २०२० च्या ११ ऑगस्टला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. त्याच निकालात असंही आहे की तोंडी वाटणी झाली होती हे म्हणणं सहसा मान्य करायचं नाही; अपवाद म्हणून, आणि तेही सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल तरच. आणि कायद्यात तारीख आहे २० डिसेंबर २००४. त्याआधी नोंदवलेलं वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा असेल तर ती वाटणी मोडत नाही. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन घरांत एकाच वर्षी वाटणी झाली असेल, एकाने फी भरली आणि दुसऱ्याने नाही, तर आज दोघांचा कायदा वेगळा आहे.

यात सरकारचाच दोष आहे असं आम्ही म्हणत नाही. देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर आपला आहे. आमच्या तिघांपैकी एकाच्या घरी असाच एक कागद सापडला, त्याचं नाव विचारू नका.

आता प्रस्तावित बदलांकडे. केंद्र सरकारने २०२५ च्या २७ मे रोजी नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदा लोकांच्या हरकती-सूचनांसाठी खुला केला. १९०८ च्या कायद्याची जागा हा नवा कायदा घेईल, अशी योजना. ऑनलाइन दस्त हजर करणं, इलेक्ट्रॉनिक नोंदणी प्रमाणपत्र, अशी पुष्कळ चांगली कलमं त्यात आहेत. मस्कतच्या मुलाची खेप वाचली तर कुणाला नको आहे? पण त्यात सक्तीच्या नोंदणीची यादीही वाढवली आहे. विक्रीचा करार, म्हणजे आपलं संचकारपत्र, मिळकतीच्या विक्रीचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र, बँकेकडे मूळ कागद ठेवून केलेलं तारण, हेही नोंदवायला लागेल. याचं कारण योग्य आहे. नुसत्या मुखत्यारपत्रावर घरं विकण्याचा जो धंदा चालायचा, त्याने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लँप खटल्यात सांगून झालंय. फसवणूक थांबायची तर नोंद हवीच.

पण दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. एकीकडे नोंदवायच्या कागदांची यादी दिल्लीत वाढते, दुसरीकडे नोंदवण्याचे दर बेंगळुरात वाढतात. दोघांची गाठ पडते ती आपल्या सब-रजिस्ट्रार कचेरीच्या खिडकीशी. यादी ठरवणारे म्हणतात फी आमच्याकडे नाही, फी ठरवणारे म्हणतात यादी आमच्याकडे नाही. गंमत म्हणजे, शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीचा दस्त नोंदवलाच पाहिजे, हा केंद्राच्या कायद्यातला शंभराचा आकडा १९०८ पासून तसाच आहे. फीचे आकडे बदलतात, तो बदलत नाही. शंभर रुपयांत आज स्थावर मिळकत सोडा, तिच्या दाराचं कुलूप येत नाही.

त्या मसुद्यावर सूचना पाठवायला तीस दिवस होते. आमच्या टेबलावरून एकही सूचना गेली नाही. आम्ही तो मसुदा वाचला जुलैत. त्याआधी जूनमध्ये आपण वर्षासहलीचं ठरवण्यात होतो. हे कबूल केलेलं बरं, कारण आज आम्ही तुमच्याकडे सह्या मागणार आहोत.

राज्याच्या फीबाबत तर तेवढीही सोय नाही. कलम ७८ प्रमाणे फीचा तक्ता राज्य सरकार करतं. त्यात दस्त नोंदवण्याची फी आहे, पुस्तकं शोधण्याची आहे, नक्कल देण्याची आहे, भाषांतर दाखल करण्याची आहे, आणि घरी येऊन नोंदणी करण्याचीही आहे. आधी लोकांना विचारा, असं त्या कलमात कुठे नाही. मात्र पुढचं कलम ७९ म्हणतं की हा तक्ता राजपत्रात छापा, आणि त्याची प्रत इंग्रजीत आणि त्या जिल्ह्याच्या लोकभाषेत प्रत्येक नोंदणी कचेरीत लोकांना दिसेल अशी लावा. गेल्या तीन महिन्यांत आम्ही जिथे जिथे गेलो तिथे भिंतीकडे बघत होतो. काही ठिकाणी तक्ता होता, काही ठिकाणी दराच्या जागी झेरॉक्सवाल्याचा फोन नंबर. तक्ता समोर असेल तर आपल्याला किती भरायचे ते कळतं, आणि किती भरायचे नाहीत तेही कळतं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

घरी येऊन नोंदणी करण्याची फी, हे ऐकून काही जणांनी भुवया उंचावल्या. हो, अशी सोय आहे. कलम ३१ प्रमाणे खास कारण असेल तर अधिकारी घरी येऊन दस्त स्वीकारू शकतात. आम्हाला हे माहीत नव्हतं तेव्हा, चार वर्षांपूर्वी, आपल्यातल्या एका आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी एका कचेरीचे दोन जिने चढवले होते. वर गेल्यावर सर्व्हर बंद. आजोबा म्हणाले, “आता आलोच आहे तर चहा तरी पाजा.” ते वर्षभराने गेले. बक्षीसपत्र झालं, पण तिसऱ्या खेपेला. आत्यांसाठी आम्ही घरी येण्याचा अर्ज केला आहे. वैद्यकीय दाखला जोडला आहे.

लहान फियांबद्दल आणखी एक, आणि हे आजी-आजोबांसाठी आहे. २०२३ च्या १ ऑक्टोबरपासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारलेला कायदा लागू झाला. त्या तारखेपासून जन्मलेल्या बाळांना शाळा, लायसन्स, मतदार यादी, लग्नाची नोंदणी, सरकारी नोकरी, सगळीकडे जन्मतारीख आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्माचाच दाखला चालणार. रेशनकार्ड नाही, हेडमास्तरांचं पत्र नाही. एकवीस दिवसांत जन्म कळवला तर नोंद फुकट होते. वर्ष उलटलं तर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. आता दवाखानाच कळवतो म्हणून नोंद बहुधा झालेली असते, पण नावाचा रकाना रिकामा. बारसं व्हायचं असतं ना! मग नाव ठरतं, घुगऱ्या वाटल्या जातात आणि रकाना राहतो. वर्षभरात नाव घातलं तर फी नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत फी भरून घालता येतं. २०१२ साली जन्मलेला एक मुलगा आमच्याकडे आला, आईवडिलांसह. पासपोर्ट काढायचा होता. दाखल्यात नुसतं ‘मुलगा’. आमच्यातले दाखलेवाले गृहस्थ त्याला म्हणाले, “अरे, तुझं अजून बारसंच झालं नाही!” मुलगा चिडला, पण दाखला झाला.

तर मागणी काय करायची? आम्ही एक निवेदन तयार केलं आहे. त्यात राजकारण नाही, घोषणा नाहीत, पान सव्वा. पहिलं, घराच्या नोंदणी फीला वरची मर्यादा घाला, शेजारी आहे तशी. दुसरं, स्त्रीच्या नावावर होणाऱ्या नोंदणीला फी माफ करा. गुजरातला जमलं ते इथे का जमू नये? तिसरं, आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, नात्यातली वाटणीपत्रं आणि हक्कसोडपत्रं, मृत्यूचा दाखला आणि जुन्या दस्तांची नक्कल यांचे दर टक्केवारीच्या आणि मिळकतीच्या भावाच्या भानगडीत न आणता जुन्या पातळीवर न्या. यातून सरकारला मिळणारा पैसा थोडा, आणि नोंद टाळल्याने पुढे होणारा गोंधळ मोठा. चौथं, पंचाहत्तरीच्या वरच्या माणसाला घरी येऊन नोंदणी करण्याची जादा फी नको. पाचवं, फी बदलायची तर तीस दिवस आधी तक्ता कचेरीत लावा, कायद्याला अपेक्षित आहे त्या भाषांत.

यावर आमच्यातच एकमत नव्हतं, हेही सांगतो. बँकवाल्यांचं म्हणणं असं की जुनी नोंद न केलेल्या घरांना एकदाच सवलत द्या, सहा महिन्यांची, म्हणजे सगळे ड्रॉवर रिकामे होतील. दाखलेवाल्यांना ते मान्य नाही. सवलत आली की पुढची दहा वर्षं लोक पुढच्या सवलतीची वाट बघतात, हे त्यांनी टेबलामागून पाहिलेलं आहे. दोन तास वाद झाला. शेवटी तो मुद्दा निवेदनातून काढला. तुमच्यापैकी कुणाला तो घालावासा वाटत असेल तर शनिवारी या, पुन्हा वाद घालू.

आणि फी कमी होईल तेव्हा होईल, तोपर्यंत थांबू नका. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदवायचं तर चार महिन्यांची मुदतही नाही, केव्हाही नोंदवता येतं. बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवताही येतं. दुसऱ्याची जुनी खरेदीपत्रं, बक्षीसपत्रं यांची नोंद असलेलं पहिलं पुस्तक फी भरून कुणालाही बघता येतं. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल मात्र, ज्याने केलं तो जिवंत असेपर्यंत त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तेव्हा सुनेला कळेल या भीतीने थांबलेल्या ज्येष्ठांनी निश्चिंत असावं.

आत्यांचा कागद अजून नोंदलेला नाही. मस्कतचं मुखत्यारपत्र गेल्या आठवड्यात आलं. गोव्याच्या दाखल्याची दुरुस्ती बाकी आहे, धाकटा भाचा मंगळवारी जाणार आहे. वीस हजारांतले आत्यांच्या वाट्याचे पाच हजार भाचे भरायला तयार होते, त्यांनी भरू दिले नाहीत. आपल्या पेन्शनीतून काढून ठेवलेत, त्याच प्लास्टिकच्या पाकिटात.

निवेदन दाराजवळच्या टेबलावर आहे, तिळगुळाच्या ताटाशेजारी. वाचल्याशिवाय सही करू नका. सही मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत, कशीही चालेल, पण नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा. शनिवारी येताना मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. डिसेंबरात कुणीतरी पिवळ्या पाकिटात १९५४ सालचं एक खरेदीपत्र टेबलावर विसरून गेलं आहे. ते वाचनालयाच्या कपाटात ठेवलं आहे. ज्यांचं असेल त्यांनी चतुःसीमा सांगून घेऊन जावं.